रिकाम्या हिमनौकेतली सहा फुलं

हाप्सालू,
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

आदरणीय आर्वेद,

(हो, आज "आदरणीय." पन्नास वर्षं तुला नुसतं आर्वेद म्हणत आलो, आणि शाळेत तर त्याहून वाईट काही म्हणत होतो. आज आदर का, ते पत्राच्या शेवटी कळेल. आत्ताच शेवट वाचू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.)

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मधमाश्या थंडीतून वाचल्या का? तुझ्या त्या वोरूच्या टेकड्यांत बर्फ पडतो तो नुसता बघण्यापुरता, आमच्यासारखा त्यावर जगण्यासाठी नाही, म्हणून तुमच्याकडची माणसं शांत असतात असं माझं जुनं मत आहे. इथे सगळे ठीक. माझी प्रकृतीही ठीक आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या शनिवारी माझ्या निधनाबद्दल तुझ्या बहिणीच्या घरी जे भाषण झालं, त्याची बातमी एव्हाना तुझ्यापर्यंत आली असेल. ती खोटी आहे. भाषण मात्र खरंच झालं, आणि माझा संताप त्याबद्दल आहे.

सुरुवातीपासून सांगतो. शनिवारी हेल्यूची साठी होती. यंदा बर्फ मोटारी पेलण्याइतका जाड झाला नाही, त्यामुळे खाडीवरचा हिमरस्ता सरकारने उघडलाच नाही, आणि समोरच्या काठावर तिच्या नोआरूत्सीला जायचं तर सगळ्या खाडीला वळसा घालून जावं लागतं. उनो तसाच गेला, मोटारीत बसून, हीटर लावून. (उनो म्हणजे आपला तोच, दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यातले सात हवामानाबद्दल असतात. विधुर झाल्यापासून तो हेल्यूकडे फार वेळा लाकडं फोडायला जातो. लाकडं कुणीही फोडू शकतं.) मी मोटारीत बसणं शक्य नव्हतं. गेल्या पानगळीत वाचनालयातल्या सभेत, भर गर्दीत, मी जाहीर केलं होतं की ज्या माणसाला समोरच्या किनाऱ्यावर जायला पेट्रोल जाळावं लागतं त्याने स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेऊ नये, आणि मी स्वतः या हिवाळ्यात कुठल्याही इंजिनाच्या पाठीवर बसणार नाही. टाळ्या पडल्या. हेल्यू पहिल्या रांगेत होती. तिने टाळी वाजवली नाही, फक्त विचारलं, "मग माझ्या वाढदिवसाला कसा येणार?" मी म्हटलं, "वाऱ्यावर!" त्यावर पुन्हा टाळ्या. आर्वेद, टाळ्या हा फार महागात पडणारा आवाज आहे.

तर मी हिमनौका बाहेर काढली. तुला आठवत असेल ती, माझ्या वडिलांनी बांधलेली. तीन पोलादी पाती, एक शीड, आणि मध्ये शवपेटीएवढी रुंद फळी, जिच्यावर उताणं पडून सुकाणू धरायचं. मी तिचं नाव बदलून "स्वातंत्र्य" ठेवलं, तेही एका भाषणाच्या भरात, त्यामुळे पुढे जे झालं त्याची तक्रार कुणाकडे करणार? सकाळी फळीवर पडलो. पायाशी वाढदिवसाचा, केशर घातलेला मोठा गोड पाव, क्रिंगल, खोक्यात बांधलेला, डोलकाठीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सात ट्यूलिपं. गळ्यात नेहमीप्रमाणे बर्फाच्या दोन टोच्या, बर्फ फुटून पाण्यात पडलोच तर काठाला रोवून वर यायला. आणि वारा? वाऱ्याचा पत्ता नाही. मी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उताणा पडून आभाळ बघत राहिलो, आणि सगळं हाप्सालू त्या दिवशी कुत्री फिरवायला नेमकं त्याच काठावर आलं. बेकरीवाली लेइदा तर दोनदा आली. "अजून इथेच? क्रिंगल शिळा होईल हो मास्तर," म्हणाली. पाठ गोठलेली असताना वाद घालता येत नाही, हा मला या वयात लागलेला शोध आहे.

मग वारा आला. आणि आला तो असा, की जणू आतापर्यंतचे सगळे हिशेब चुकते करायलाच आला होता. आर्वेद, ते सुख मी तुला कसं सांगू! गुडघा चांगला होता तेव्हा तूही अनुभवलं आहेस. पाती किंचाळतात, डोळ्यांतलं पाणी कानात जातं, मागे हाप्सालूची कुत्री ठिपक्याएवढी होतात, आणि माणसाला पटतं की निसर्गाने आपल्याला चालायला सांगितलं ही त्याची एक चूक होती. अर्ध्या खाडीपर्यंत हे सुख टिकलं. तिथे वाऱ्याने साठवलेल्या ओल्या बर्फाच्या पट्ट्यात पाती रुतली आणि मी थांबलो, ते थेट काल्योच्या पुढ्यात.

काल्यो आणि त्याचा मेव्हणा बर्फात पाडलेल्या आपापल्या भोकाशी, पालथ्या बादल्यांवर बसून मासे धरत होते. त्यांच्या बाजूला काल्योची नवी बर्फावरची मोटारस्कूटर, पिवळी, चकचकीत. मी उतरलो, नौका पट्ट्यातून ओढून स्वच्छ बर्फावर आणली, तिचं नाक वाऱ्याकडे केलं. आता हाप्सालूत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं की हिमनौकेवरून उतरलं की नाक वाऱ्याकडे, आणि पुढच्या पात्याचा खिळा बर्फात. पहिली गोष्ट मी केली. दुसरी करायला वाकणार, एवढ्यात काल्यो म्हणाला, "मास्तर, उगाच कशाला हाल? बसा मागे, पाच मिनिटांत सोडतो."

आता तूच सांग. असं वाक्य ऐकून कुठला तत्त्वनिष्ठ माणूस खिळा ठोकत बसेल? मी ताठ उभा राहिलो. मी काल्योला विचारलं की त्याच्या आजोबांनी ही खाडी कशाच्या जोरावर ओलांडली. मी त्याला सांगितलं की इंजिनाला हुकूम सोडता येतो म्हणून माणूस उद्धट झाला. वाऱ्याला हुकूम चालत नाही, त्याची मर्जी राखावी लागते, आणि मर्जी राखणं हाच संस्कृतीचा पाया आहे. वाऱ्याला मालक नाही, वाऱ्यावर कर नाही, वारा आजवर कुठल्या सत्तेपुढे वाकला नाही! चांगलं चाललं होतं. मेव्हण्याने गळ खाली ठेवला होता. (मासा लागला म्हणून, हे नंतर कळलं.) माझी पाठ नौकेकडे होती, कारण श्रोते समोर असताना सामानाकडे बघत बोलणारा वक्ता मला कधीच आवडलेला नाही.

"मास्तर," काल्यो म्हणाला, "तुमचं स्वातंत्र्य चाललं."

मला वाटलं, गडी मुद्द्यावर आला. "चाललं?" मी गरजलो. "अरे, ते तर तू ही पिवळी गाडी घेतलीस त्याच दिवशी गेलं!"

"तसं नव्हे हो. ते बघा. तिकडे."

वळून पाहिलं. माझ्या भाषणाच्या मध्यावर वाऱ्याने दिशा बदलली होती (त्याची मर्जी!), सुकाणू मी दोरीने बांधून ठेवलं होतं, आणि स्वातंत्र्य माझा क्रिंगल आणि माझी फुलं घेऊन, माझ्याशिवाय, नोआरूत्सीकडे निघालं होतं. इतकी सरळ, इतकी सुंदर मी ती नौका जन्मात कधी चालवलेली नाही.

"आता तरी बसा," काल्यो म्हणाला.

"कदापि नाही!"

"मास्तर, मी कुणाला सांगणार नाही."

"मला ठाऊक असेल ना!" मी म्हटलं आणि चालू लागलो. मागून मेव्हण्याचा आवाज आला, "अहो, भाषण पुरं तरी करून जा, मासे वर यायला लागलेत."

चाललो. मध्ये एक भेग आडवी होती, काळं पाणी दिसत होतं, तिच्या काठाकाठाने लांबचा वळसा घेतला. (बघ, वळसा मलाही चुकला नाही, पण माझ्या वळशाला पेट्रोल लागलं नाही.) वाटेत एक ट्यूलिप सापडलं. वेगात पुडक्यातून निसटून बर्फावर पडलं होतं, काचेसारखं कडक झालं होतं. ते उचलून कोटात घातलं आणि पुढचा अनर्थ तेव्हा माझ्या लक्षातही आला नाही. तुझ्या आला असेल. सातातून एक गेलं.

तिकडे हेल्यूच्या घरी काय झालं, ते मला मागाहून कळलं. सगळे पाहुणे टेबलाभोवती बसलेले, बटाट्याचं सॅलड वाढलेलं, आणि खिडकीतून दिसलं की एक हिमनौका सरळ येऊन काठच्या लव्हाळ्यात घुसली. माणसं धावली. फळीवर माणूस नाही. क्रिंगल आहे, माणूस नाही. आणि मग कुणीतरी फुलं मोजली. सहा! जिवंत माणसाच्या हातात विषम फुलं द्यायची आणि सम फक्त थडग्यावर ठेवायची, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. रिकामी नौका पाहून लोक नुसते घाबरले होते; सहा फुलं पाहून त्यांची खात्री पटली. भेगेत गेला, असं ठरलं. सगळे घरात येऊन उभे राहिले, टोप्या काढल्या, आणि आता बोलणार कोण असा प्रश्न आला. आर्वेद, तुला कल्पना आहे, या गावातली प्रत्येक मयत गेली तीस वर्षं मी बोलून पोचवली आहे. मला पोचवायला कोण उरणार हा विचार मी कधी केला नव्हता. उनो उठला.

उनो!

पण त्याआधी हेल्यू. तिने काय केलं असेल? रडली? मुळीच नाही. तिने त्या सहातलं एक फूल काढून चुलीत टाकलं, उरलेली पाच पाण्यात ठेवली, आणि उनो घसा साफ करत असताना बूट चढवून बाहेर पडली. चांगलं ताजं फूल, आर्वेद, या थंडीत, चुलीत! मी अजूनही समजू शकलेलो नाही.

मला ती किनाऱ्याकडून येताना दिसली. आपली ती जुनी ढकल-घसरगाडी, लांब पात्यांवरची खुर्ची, मागे उभं राहून एका पायाने रेटायची. आणि खुर्चीवर शिडी, दोरखंड, घोंगडी. वेगात येत होती. जवळ आली, थांबली, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ओला नाहीस," ती म्हणाली.

"हेल्यू, आज जे घडलं त्यातून एक गोष्ट सिद्ध होते..."

"बस खुर्चीवर."

मी तिला ते गोठलेलं ट्यूलिप दिलं. तिने ते बघितलं आणि एकदम तोंड फिरवलं. (वारा त्याच बाजूने होता, डोळ्यांत पाणी येतं.) मग मांडीवर शिडी घेऊन, घोंगडीत गुंडाळलेला, मी खुर्चीवर बसलो. इंजिन नव्हतं, त्यामुळे तत्त्वाला धक्का लागला नाही. ती मागून रेटू लागली आणि मला वाटलं, हीच वेळ.

कारण आता सांगायला हरकत नाही, मी नुसता वाढदिवसाला निघालो नव्हतो. मी तिला विचारायला निघालो होतो. सबंध हिवाळा ते भाषण तयार होतं. मी सुरुवात माणसाने चूल का मांडली तिथून केली, एकटेपणाचा इतिहास थोडक्यात सांगितला, आणि काठचं लव्हाळं येण्याआधी मुद्द्यावर आलो: माझ्याशी लग्न करशील का? मग तिच्या ज्या ज्या हरकती असू शकतात, माझं वय, माझी पुस्तकं, माझा स्वभाव, त्या एकेक करून मीच मांडल्या आणि मीच खोडून काढल्या, इतक्या समर्थपणे की एक उरली नाही. घर आलं. मी वळून पाहिलं. ती काहीच बोलली नाही. नुसती धापा टाकत हसत होती. आर्वेद, साठ वर्षांच्या बाईने अशा प्रश्नावर हसावं?

त्या अपमानात मी दार उघडलं, तर उनोचा घसा नुकताच साफ झाला होता आणि भाषण सुरू होत होतं. अक्षरशः देतो. "एलमार बोलायचा. पुष्कळ बोलायचा. आता खाडीवर शांत आहे. माझा बर्फाचा गिरमिट त्याच्याकडे राहिला." संपलं! एका आयुष्याला चार वाक्यं, त्यातलं एक गिरमिटाचं! आणि लोक डोळे पुसत होते. मला पाहून आल्मा मावशी म्हणाली, "अरे, आलास होय? आम्ही तुझा क्रिंगल कापला रे." उनोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गिरमिट आणलास?"

असो. कळावे, लोभ आहेच, गुडघ्याला ऊब देत जा.

तुझा,
एलमार

ता. क. आता "आदरणीय" चं कारण. तू तिचा थोरला भाऊ. तू कमी बोलतोस आणि ती तुझं ऐकते. ईस्टरला ये आणि माझ्या वतीने तिला विचार. "नाही" असेल तर तसं कळव, मी पुन्हा विचारणार नाही. विचारलंच तर थोडक्यात.

ता. क. २. शनिवारी रात्री मी परत उनोच्या मोटारीतून आलो. मागच्या सीटवर. हीटर लावलेला होता. हे वाचनालयात कुणाला लिहू नकोस.

ता. क. ३. हेल्यू आज गावात आली आहे, टपालात टाकायला पत्र तिच्याच हाती देतो. पाकीट चिकटवलेलं आहे.

दादा, पाकीट उघडंच होतं. माझ्या हातात देताना तो टपाल खात्यावर बोलत होता, चिकटवायचं राहिलं. घसरगाडीवर मी "हो" म्हटलं होतं. दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा ओरडून. तेव्हा तो माझ्या हरकती खोडत होता. तू त्याला काही कळवू नकोस. कधी गप्प बसला की मीच सांगेन. लग्न ईस्टरनंतर, तू यायचंच. भाषण उनो करील.

हेल्यू