हिरव्या शेव्हेलचा एसी

३ जून

आणली! १९७०ची हिरवी शेव्हेल आमच्या गॅरेजमध्ये उभी आहे आणि चंद्रशेखर तिच्याभोवती नवरदेवासारखे फिरताहेत. वय वर्षं शहात्तर! "मृणाल, ही आपलीच गं," एकच धोशा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी विकलेली गाडी अशी अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनपासून दोन तासांवर सापडते होय? जुने कागद ना विकणाऱ्याकडे, ना आमच्याकडे. पण पाहिल्या पाहिल्या मीही तिच्या दारावरून हात फिरवला खरा.

५ जून

एक गोष्ट जुळत नाही. हिच्यात एसी आहे. आमच्या गाडीत नव्हता! "होता," हे म्हणतात. लग्नापासूनचं भांडण. चार उन्हाळे मी त्या गाडीत घामाने निथळत काढले, मला ठाऊक नाही? हे दांडी सरकवायचे, भर्रर्र आवाज यायचा, वाऱ्याचं नाव नको. तो नुसता पंखा होता!

पहिल्या उन्हाळ्यात तर सासूबाई आल्या होत्या. त्या पुढे, गुडघ्यांवर शाल घेऊन. मी मागे भाजत. त्या परतल्यावर पुढची जागा माझी, घाम तोच. "एसी नव्हता तर आई शाल कशाला घेईल?" म्हणे. अहो, त्या मे महिन्यात सोलापुरातही घ्यायच्या!

६ जून

पैज लागली, ही गाडी आपली की नाही. एसी कारखान्यातूनच आलेला असेल तर माझ्या मते ही आपली नव्हेच. मागाहून बसवलेला असेल तर आपली असू शकते. यांचं नेमकं उलटं. हे हरले तर महिनाभर पोळ्या यांच्याकडे. मी हरले तर मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांसमोर कबुली, की आपल्या गाडीत एसी होता! निवाडा समोरचा प्रसन्न करणार — नागपूरचा, आयटीत, जुन्या गाड्यांपायी वेडा.

७ जून, शनिवार

प्रसन्न टॉर्च घेऊन आला. डॅशबोर्डवर एसीच्या जाळ्या आहेत, मग झालं की, म्हटलं. "नाही काकू, डॅश तर कोणीही स्वॅप करू शकतो. फायरवॉल चेक करू." म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधला पत्रा. एसी मागाहून बसवला तर तिथली भोकं हाताने कापतात, कडा ओबडधोबड राहतात. हिच्या कडा पोळपाटासारख्या गुळगुळीत.

"फॅक्टरी एसीच आहे काका, हंड्रेड पर्सेंट!"

हे नाचले. अक्षरशः नाचले! माझ्या हिशेबाने मीच जिंकले, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या, चहा टाकला. पण वाईट वाटलं. फार. मला ती आपलीच हवी होती.

८ जून

यांच्या हिशेबाने हेच जिंकले, म्हणून पोळ्या मीच लाटल्या. हे शेजारी उभे राहून शीळ घालत होते!

१४ जून

आज प्रसन्नने एसीत गॅस भरला. यांच्या बाजूला गारेगार. माझ्या बाजूला — काही नाही! नुसतं भर्रर्र. "ब्लॉक आहे काहीतरी," म्हणून त्याने जाळी काढली, आत पक्कड घातली आणि एक बोळा ओढून काढला. जांभळा खण. सासूबाईंच्या चोळीचा! त्याच खणाची पिशवी आजही माझ्या देवघरात आहे. गुडघ्यांना वारा लागतो म्हणून त्यांनीच कोंबून ठेवला असणार, आणि सांगितलं नाही कोणाला!

आम्ही दोघं हसता हसता रडायला लागलो. आपलीच गाडी. आणि दोघंही खरे!

यांच्या बाजूला एसी होता, माझ्या बाजूला सासूबाई.