आईच्या दुखण्याचा कागद

निमगाव केतकी
ता. २०/११/९६
॥ बिरोबा प्रसन्न ॥

चि. सौ. मनिषास,
झुंबरचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व ठीक, तुमची खुशाली कळवीत जा. मल्हारला थोरल्या बहिणीला पत्र लिहायचं म्हटलं की हात दुखतो, म्हणून भावजयीलाच लिहिते.

दिवाळीला आई हितं आली तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरंला आली. सगळ्यांच्या आधी उठून ती धुणं उरकायची, आणि एक फडकं गोठ्यामागं वेगळं वाळत घालायची. तिची पाळी जाऊन दहा वर्षं झाली. ह्या वयात अंगावरून जाणं बरं न्हाय, एवढं मलाबी कळतं. पण लेकीनं आईला असलं कसं विचारायचं? माझी जीभ उचलली न्हाय.

तू तिच्याजवळ राहतीस, तूच बघ. मल्हारला कंपनीतनं विम्याचं कार्ड मिळालंय म्हणं. त्यावर आईचं नाव हाय का? मात्र बाप्या डॉक्टरपुढं ती बसायची न्हाय. दाढ सुजली होती तेव्हासुद्धा डॉक्टरला पदराआडूनच तोंड दाखवलं होतं तिनं. आणि माझं नाव पुढं करू नको.

पोरांना पापा. हाय ती माया वाढती ठेव.
तुझी वन्सं,
झुंबर

बारामती
ता. ९/१२/९६

ती. सौ. वन्सं यांस,
मनिषाचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून आधी रागच आला, आणि तो माझा मलाच. एका खोलीत राहून मला दिसलं न्हाय, ते तुमाला तिकडं दिसलं.

कार्डावर आत्यांचं नाव हाय. गुडघे दाखवू म्हणून त्यांना बाहेर काढलं. पहिल्या डॉक्टरांच्या पाटीवर कामगार विमा लिहिलेलं, पण कंपाउंडर म्हणाला, कार्ड घेणं दसऱ्यापासून बंद, पाटी तेवढी उतरवायची राहिलीय. दुसरे कार्ड घेतात, पण बाकावर कंपनीतले वीस गडी आणि आत एकच पडदा. आत्या पायरीवरूनच मागं फिरल्या, आणि गुडघे बरे झाले म्हणाल्या. इतकं गुणकारी दार मी कुठं बघितलं न्हाय.

बाई डॉक्टर हाय एक, पण ती कार्ड घेत न्हाय. तुमचे भाऊ रोख देऊ म्हणाले, तर आत्या फुटपाथवरच बसल्या. पोराच्या पगारातनं विम्याला कापत्यात आणि वर पुन्हा भरायचं, हे त्यांना पटंना. शेजारची तमन्ना सांगत होती, कसब्याकडं एका विम्याच्या दवाखान्यात मेहबूबबी म्हणून नर्स हाय. बायकांना तीच तपासते, डॉक्टर नुसती सही करतात. तिचा पत्ता काढते. लोभ हाय तो असू द्यावा.
मनिषा

निमगाव केतकी
ता. १८/१२/९६

चि. सौ. मनिषास आशीर्वाद.
पत्ता काढण्यात दिवस घालवू नको. अंथुर्ण्याच्या साखरबाई मावशीनं असंच दुखणं लपवलं होतं. कळलं तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी हात वर केले, आणि पुढच्या सालाला ती न्हवती. हे आईला ठाऊक हाय, म्हणूनच ती घाबरून गप हाय. मला अन्न गोड लागत न्हाय. आईला उचलून न्यावं लागलं तरी ने.
झुंबर

बारामती
ता. ६/१/९७

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि. काल मेहबूबबींकडं जाऊन आलो. काय झालं ते सगळं लिहिते, हसू नका.

बाईंनी काय होतंय म्हणून विचारलं, तर आत्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, आणि म्हणाल्या की सूनबाईच्या अंगावरून जातंय, दोन महिने झाले, आमाला लई काळजी हाय. खोटं हाय म्हणणार होते, पण आत्यांच्या कपाळावर घाम बघितला आणि गप बसले. बाईंनी कागदावर माझं नाव लिहिलं, वय तीस, आणि मला टेबलावर झोपवलं. म्हटलं, चला. आत्यांना मात्र पडद्याच्या आत बोलावून माझा हात धरायला लावला. सगळी तपासणी त्यांच्यासमोर झाली.

बाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या की हिला काही झालेलं न्हाय. मग आमच्या दोघींकडं न बघता म्हणाल्या की हा कागद असाच पुण्याच्या विमा हॉस्पिटलात गेला तर खाट मनिषाच्या नावानं मिळंल, आणि जिला गरज हाय ती घरी राहील. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला लिहिता येत न्हाय, जिचं तिनं सांगायचं.

बाहेर बायकांचा गलका चाललेला. बाईंनी कुणाला आत घेतलं न्हाय. मग आत्यांनी चपला काढल्या, मला टेबलावरनं सरक म्हणाल्या आणि म्हणाल्या की दुखणं माझं हाय. वन्सं, मला तिथंच रडू आलं.

बाईंनी जुना कागद फाडून नवा केला. द्वारकाबाई, वय साठ. डॉक्टरांची सही झाली. बुधवारी पुण्याला जातोय. देवाला हात जोडा.
मनिषा

बारामती
ता. २५/२/९७

चि. झुंबरास,
आईचा आशीर्वाद. अक्षर मनिषाचं हाय, बोलणं माझं.

पिशवी काढली. गाठ लहान निघाली. वेळेत आलात म्हणून बरं झालं, असं डॉक्टरीण म्हणाली. आता पेज पिते, उन्हाला बसते. मनिषा पाण्याची घागर उचलू देत न्हाय. वागायला सासू हाय माझी, हे ती लिहीत न्हवती, मी लिहायला लावलं.

तुला एक सांगायचं हाय. दिवाळीला मी फराळाला न्हवते आले. तुला सांगायला आले होते. फडकं गोठ्यामागं टाकायची ते तू जातीस-येतीस त्या वाटंवर टाकायची, तुला दिसावं म्हणून. तू बघितलंस तेबी मला कळलं. वाटलं, आता विचारंल. तू विचारलं न्हाईस आणि मी बोलले न्हाय. तुला दोष देत न्हाय, माझ्या आईला मीबी कधी काही विचारलं न्हवतं.

तुझ्या पोरीला मात्र तू विचारत जा. आणि एकदा मेहबूबबीला दाखवून जा, काही होत असो नसो. तुझं नाव कार्डावर न्हाय. मी विचारून ठेवलंय, औषधाला कार्ड लागतं, बघायला लागत न्हाय.
तुझी आई,
द्वारकाबाई