परसातली वेगळी चूल

इतवारी, नागपूर
श्रावण, १९७७

प्रिय गोपिके,

हे पत्र चुलीत घालायच्या आधी वाच. मागची तीन कार्डं तू न वाचताच जाळलीस, असं तुझ्या रुपराव मामाने कळवलं आहे. माझीच नात तू, मला नवल वाटलं नाही. या वेळी आंतरदेशीय घेतलं आहे. ते उघडता उघडता एखादी ओळ तरी डोळ्यांखालून जाईल. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. अक्षराला हसायचं तर हस, पण वाच.

तू मामाला म्हणालीस, "आजीनं मले मारबतीसारखं हाकललं." खरं आहे. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतून मारबतीचा पुतळा निघाला होता, पोरं ओरडत होती, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत," आणि त्याच वेळी मी तुझी पिशवी भरून तुला मामाच्या हाती दिली. सगळं नागपूर त्या दिवशी घरातली पीडा बाहेर काढतं, मी घरातली पोर काढली. दिवस निवडताना माझी मती गेली होती. पण डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते, पोरीला उद्याच्या उद्या हलवा. तुला सांगितलं, काटोलची शाळा चांगली आहे. तुला ते तेव्हाही पटलं नाही. आता बारावं लागलं आहे तुला, तर खरं ऐक. तुझ्या आईला क्षय झाला होता.

क्षय म्हटलं की लोक रडायला बसतात. मला वेळ नव्हता. तुझा बाप कोराडीच्या वीजघरातून शनिवारी यायचा, खाटेजवळ बसून उसासे टाकायचा. मी त्याला म्हटलं, उसासे कोराडीलाच टाकत जाय बाबा, तिथे धूर पुष्कळ आहे, मिसळून जातील. डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या, मूठभर गोळ्या दिल्या, आणि वर सांगितलं, रोज दूध, मोकळी हवा आणि दोन अंडी. अंडी ऐकून माझा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. आपल्या घराचा उंबरठा अंड्याने कधी ओलांडला नाही. मग म्हटलं, ओलांडायची गरजच काय? परसात तीन विटा मांडून वेगळी चूल केली. बाजारातून चार कोंबड्या आणल्या. अंडी शिजवायच्या आधी माळ काढून खुंटीला टांगायची, शिजवून झाली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, माळ पुन्हा घालायची. देवाला सांगून ठेवलं, राग आला तर माझ्यावर काढ, माझ्या सुनेच्या, सुभद्रेच्या वाटेला जाऊ नको.

पहिलं अंडं मी तुरीच्या डाळीसारखं शिजवलं. तासभर झाला तरी पळीने दाबून बघते, मऊ काही होत नाही. पुन्हा लाकडं सारली. तुझी आई कडुनिंबाखालच्या खाटेवरून पाहून राहिली होती. शेवटी म्हणाली, "बाई, ते डाळ नोहे. जितकं शिजवाल तितकं दगड होते." आणि हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता खोकला आला, पण फडक्यावर रक्त नव्हतं. मी फडकं उन्हात धरून दोनदा पाहिलं.

दुधासाठी बकरी घेतली, चांदी नावाची. खाटेच्या पायालाच बांधली. पहिल्याच आठवड्यात तिने डॉक्टरांचा कागद खाल्ला. दवाखान्यात नवा कागद मागायला गेले तर तिथली बाई हसू दाबत म्हणाली, बकरीला गुण आला का? मी म्हटलं, आला, तिचा खोकला थांबला.

शेजारची रंभाबाई नळावर आपली बादली आमच्या बादलीपासून हातभर लांब सरकवायची. मी म्हटलं, "रंभे, तोंडही सरकव वं, हवेतूनही येते म्हणतात." आता तीच रंभाबाई दोडके मागायला कुंपणाशी येते. यंदा वेल असा माजला आहे की छपरावर चढून पलीकडे उतरला. मी देते तिला, पण सुभद्रेच्याच हातून देते. पदरात घेते.

तो वेल तुझ्या आईचाच आहे. होळीपर्यंत तिच्याने तांब्या उचलवत नव्हता. मग एक दिवस भिंतीला धरून उठली आणि एका रोपाला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी दोन रोपांना. मृग निघाल्यावर मी अंबाडी पेरली, तर मला म्हणते, किती दाट पेरली, अक्कल गहाण ठेवली काय? सासूला अशी बोलली. मीही चार शब्द सुनावले. तासभर आमचं असं जुंपलं की कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या. गोपिके, मरायला टेकलेलं माणूस भांडत नाही. भांडण संपल्यावर मी आत जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. तिला कळू दिलं नाही, नाहीतर रोज भांडली असती.

आणि वजन. दर महिन्याला नत्थूजीच्या लाकडाच्या टालीवर न्यायची तिला, मोठ्या काट्यावर बसवायची. पहिल्या खेपेला रिक्षातून नेली. चौतीस किलो. नत्थूजीने वजनाकडे पाहिलं आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. परवा ती पायी गेली, माझ्या पुढे. एकोणपन्नास. नत्थूजी म्हणाला, "जिजाबाई, आता काट्याच्या साखळ्या बदलाव्या लागतेत." मी म्हटलं, बदल.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, म्हणाले, स्वच्छ. गोळ्या अजून सहा महिने, पण पोरीला आणायला हरकत नाही.

म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीने तुझी आई काटोलला येते आहे, एकटी. मी निघाले होते, तर म्हणाली, "तुमी नका येऊ बाई, तुमाले पाहून ते पोरगी लपून बसन." तू मामाला सांगून ठेवलं आहेस की कोणीही आलं तरी जाणार नाही, आई तर दारापर्यंतही पोचवायला आली नाही. माझ्यावर राग ठेव, मला चालतो. पण तिचं ऐकून घे. त्या दिवशी ती उठली होती. मीच तिला मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. ती दोन्ही हातांनी दार वाजवत होती, तुला हाका मारत होती. बाहेरच्या ढोलांत तुला ऐकू गेलं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत तू मागे पाहत गेलीस, तेही मी पाहिलं. तरी कडी काढली नाही. तशी वेळ आली तर पुन्हा घालीन. पण आता आली नाही ती वेळ. सोमवारी ती मामाच्या अंगणात उभी राहील. उंबऱ्यात थांबू नको, पळत जा. कितीही जोरात जाऊन बिलगलीस तरी ती पडणार नाही.

तुझीच,
कडी घालणारी आजी
जिजाबाई