‘कुलूप आतून’ची नामावली

साकीनाका,
९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
रतनचा सविनय जयभीम. वि. वि.

अंगावर टेकवला की पातं मुठीत जाणारा चाकू, स्प्रिंग बॉलपेनची. सागवानी पिस्तूल, नळी छत्रीच्या दांड्याची. प्रेताचे प्लॅस्टरचे तीन हात, पैकी दोन उजवे. फोडायच्या साखरेच्या काचा, अकरा. रक्त: साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि अर्धा चमचा कॉफी, नाहीतर ते सरबत दिसतं. आणि तेरा भागांची नामावली, काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पोस्टर कलरने, हाताने. एवढं मी केलं, कुणी न शिकवता.

लिहायचं कारण, तुझी मुलाखत मोबाइलवर पाहिली. तेहतीस वर्षांनी ‘कुलूप आतून’सारखी खुनाच्या तपासाची मालिका कुणाला आठवली याचं बरं वाटलं. पण तो चाकू दाखवून तू म्हणालास, हा मी स्वतः बसून बनवला. दादा, तू स्क्रू पिळायलाही मला हाक मारायचास. शिवाय चाकू उलटा धरला होतास. मालिकेचा कला दिग्दर्शक होतास, तेवढं तरी बघायचं.

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, म्हणून पत्र. मालनवहिनींना जयभीम. गुडघ्याला तेल लावत जा.

लोभ आहे तेवढाच असू दे.
तुझा,
रतन


कांदिवली,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. रतन यास,
जयभीम व अ. आ.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं आणि चाकूपाशी थांबून माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी दुपारचा चहा मिळाला नाही. मान्य, चाकू तुझा. पोरांनी कॅमेरा लावला आणि मी वाहवलो. तू पण ना, तेहतीस वर्षं एक स्क्रू सांभाळून ठेवतोस.

आता कामाचं. ती मुलाखत घेणारी कंपनी मालिका पुन्हा दाखवणार आहे. टेपांची सुरुवात बुरशीने खाल्ली, नामावली गेली. तिथल्या श्वेताने कॉम्प्युटरवर अक्षरं काढली, पण मलाच बघवेनात. तेरा कार्डं तुझ्याच हातची हवीत. पैशांचा आकडा तीच येऊन सांगेल. आणि या वेळी माझ्या नावाखाली तुझं नाव येईल, मी तसं बजावलंय. तेव्हा ‘पुढच्या भागात घालू’ म्हणता म्हणता राहून गेलं रे. आईला तर मी सांगितलंच होतं, की रतनचंही नाव आहे. तेवढं आता खरं करून टाक.

जेवायला ये, वहिनी सुकट करेल. रागाव, पण आमचाच राहा.
तुझा दादा,
सहदेव


साकीनाका,
२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
स. जयभीम.

श्वेताबाई कारखान्यात येऊन गेल्या. समजूतदार आहेत, ओल्या रंगाच्या पाट्या बघताना दोन्ही हात मागे बांधून उभ्या होत्या.

दादा, तुझं नाव मी तेरा वेळा रंगवलं. खाली दर वेळी दीड इंच जागा सोडली, तू सांगशील म्हणून. तेराव्या भागातही ती काळीच गेली.

आई दर मंगळवारी टीव्हीच्या काचेवर तुझ्या नावाशी बोट ठेवायची आणि शेजारणींना सांगायची, माझी दोन्ही पोरं इथं आहेत. आईला वाचता येत नव्हतं. शेजारणींना येत होतं. त्या पदर तोंडाला लावायच्या. सहाव्या भागानंतर कुणीतरी तिला बोललं असावं. ती मला भांडी घासता घासता म्हणाली, आहे ना रे खरंच? मी म्हटलं, आहे. ती गेली तोवर ते तसंच राहिलं. म्हणजे खोटं तू बोललास आणि लपवलं मी. आपल्या मालिकेत अशा माणसाला साथीदार म्हणायचे, आणि शेवटी तोही पकडला जायचा.

प्रेत उचलल्यावर त्या खोलीत नवी वस्तू आणून ठेवायची नाही, हे आपण तेरा वेळा दाखवलं. ती दीड इंच जागा काळीच राहू दे.

सुकटीला येत नाही. वहिनींनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांच्यावरचा लोभ शाबूत आहे.
तुझा,
रतन

ता. क. पुढच्या मुलाखतीत हेही सांगशील, म्हणून नीट लिहून देतो. मी नको म्हटलं ते एवढं: तेरा कार्डं, सहदेव दाभाडेच्या खाली रतन दाभाडे, आणि एक लाख ऐंशी हजार रुपये.