चार नंबरच्या वर्गातली काच

सोमवार, ३ फेब्रुवारी

चार नंबरच्या वर्गात काच बसवली. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आहे — एक पोस्टकार्ड जेमतेम आत जाईल एवढी. भेगेवर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकं सिमेंटात, वर आजची तारीख. भिंत हलली की काच तडकणार. यंत्र नको, वीज नको. म्हणून तर पालिकेला परवडतं.

शाळेचे शिपाईकाका शिडी धरून उभे होते. मी जरा ऐटीतच म्हटलं, "काका, या काचेला काही होता कामा नये. जबाबदारी तुमची." पोरं चेंडू मारतील, एवढंच माझ्या डोक्यात.

यंदा पैसा एक आणि तोंडं दोन. भिंत हलत असेल तर शाळेची दुरुस्ती, नसेल तर स्वस्त घरांची योजना. ठरणार माझ्या रिपोर्टवर. आणि घरांच्या यादीत माझी धाकटी बहीण आहे! एका खोलीत सहा जण, भिंतींना ओल, भाचीचा खोकला हटत नाही. साहेबांना म्हटलं, हे काम दुसऱ्या इंजिनिअरला द्या. "दुसरं आहे कोण?" म्हणाले, आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काच शाबूत.

बाकं मात्र पुढे आलीत. वर्गाच्या बाईंना विचारलं. "मी नाही हो सांगत. बसता बसता सरकतात. सकाळी मागे ढकलते, शाळा सुटेपर्यंत परत पुढे." भिंतीपाशी दोन हात जागा रिकामी. तिथे कुणी दप्तरसुद्धा ठेवत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, का गं? "ती जवळ येते," म्हणाली आणि पुन्हा गणिताला लागली.

मुलांचं काय मनावर घ्यायचं! पण घरी येईपर्यंत मान आखडलेली होती.

बुधवार, ५ मार्च

काच शाबूत. भेगेत पोस्टकार्ड घातलं, ते सैल. दुसरं घातलं, तेही गेलं. काच अखंड! असं होऊच शकत नाही. भेग रुंदावली तर काच टिकणार कशी? पहिल्या वेळी मीच नीट घातलं नसेल.

आणखी एक. काच बसवली त्या दिवशी तारखेतल्या तीनचा पाय फिसकटला होता, मला पक्कं आठवतं. आज तीन स्वच्छ. अक्षर माझंच. अंगावर काटा आला, मग स्वतःलाच हसले. झोप कमी पडते हल्ली.

शुक्रवार, १४ मार्च

रिपोर्ट दिला. भिंत स्थिर, दुरुस्ती पुढच्या वर्षी चालेल. बहिणीसाठी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. काच जे म्हणाली तेच लिहिलं.

गुरुवार, २७ मार्च

सभेत घरं मंजूर. मुख्याध्यापक नुसते माझ्याकडे बघत राहिले. धाकटी फोनवर रडली, मग रडतेय म्हणून हसली. तिच्या जुन्या खोल्या पाडून त्याच जागी नवी घरं. दीड वर्ष तरी जाईल. तोवर यादीतल्या लोकांची कुठेतरी सोय करू, असं साहेब म्हणतात.

सोमवार, २१ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. काच उतरवायला गेले. शिपाईकाका खुशीत होते. "बाईसाहेब, एक दिवस चुकलो नाही. तडा गेला की लगेच नवी."

मला कळेचना. त्यांनी कपाटातून खोका काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा. अकरा. सगळ्या मधोमध दुभंगलेल्या, सगळ्यांवर ३ फेब्रुवारी.

"सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगायचं काय त्यात? तुम्हीच म्हणालात, काही होता कामा नये. तारीखसुद्धा तुमच्या अक्षरात काढायचो. तीन जमायला जरा वेळ लागला."

कुणाला बोल लावू? आपलेच दात, आपलेच ओठ. भेग म्हणजे काय, काच कशाला, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही.

दोघं वर्गात गेलो. आमच्या देखत बारावी तडकली. आवाज अगदी बारीक, नख मोडावं तसा. काका लगेच शिडी आणायला वळले.

मंगळवार, २२ एप्रिल

साहेबांना पत्र लिहिलं. रिपोर्ट चुकीचा, भिंत हलते आहे. दिलं नाही. दिलं की पैसा शाळेकडे वळणार आणि धाकटीचं घर गेलंच. इकडे आड, तिकडे विहीर.

शाळा जूनमध्ये उघडेल. वर्ग रिकामा आहे, कुलूप आहे. पडलीच भिंत तर रिकाम्या बाकांवर पडेल. उघडायच्या आत देईन. देईनच.

मला भिंतीपेक्षा माझी भीती वाटते.

सोमवार, ५ मे

पत्र पिशवीत. पिशवी घेऊन जाते, पिशवी घेऊन येते.

शुक्रवार, ९ मे

स्टेशनवर आहे. शाळेकडे जाणारी गाडी यायला सहा मिनिटं. धाकटी फोन उचलत नाही. मघाशी तिचाच आला होता. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ठेवलासुद्धा. काल तिच्या जुन्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या आणि यादीतल्या सगळ्यांना सुट्टीपुरतं शाळेत हलवलं. "ताई, आम्हाला चार नंबर मिळालाय. त्या भेगेला लोक घाबरत होते. मी म्हटलं, माझ्या बहिणीने तपासलीय भिंत — आणि पोरीचं अंथरूण तिथेच घातलं. किती दिवसांनी झोपलीय, अजून उठवली नाही."