पीटर्सबर्गला गेलेले आमचे बाल्टसर

३ मार्च
पोस्टातून रिटायर होऊन आज बरोबर महिना. संशोधन सुरू. चर्चच्या नोंदवहीत खापरपणजोबा सापडले: ‘बाल्टसर, वय सतरा. १८४६. बहीण नैसासोबत पीटर्सबर्गला, मिठाईच्या कामासाठी.’ बस! आमच्या डोंगरी खोऱ्यातली निम्मी पोरं तेव्हा केक करायला परदेशी जात. पण आमचे बाल्टसर थेट झारच्या मुदपाकखान्यातच असणार. एवढं मोठं नाक घराण्यात उगाच येत नाही. चाळीस वर्षं लोकांचे चुकलेले पत्ते शोधले, एका पूर्वजाला दोन आठवडे पुरे. ऑगस्टमध्ये कुटुंबाचा मेळावा. तोवर पुस्तक तयार.

१९ मार्च
थोरली बहीण उर्श्ला हिच्याकडे जुन्या पत्रांची पेटी आहे. अक्षर भयंकर. मी म्हटलं, मला आशय कळतो. ती म्हणाली, आधी कागद सुलटा धर. पेटी तिलाच वाचायला दिली. किरकोळ कामं वाटून द्यावीत.

२ मे
पहिलं प्रकरण झालं. शीर्षक: ‘झारची न्याहारी’. मजकूर नंतर. बायको मेंजा म्हणाली, पुरावा काय? म्हटलं, राजवाड्यातलं काम, पुरावा ठेवतील कशाला? ती बटाटे सोलत राहिली.

११ जून, सकाळी ६
नवा संकल्प. बाल्टसरांच्या वाटेने स्वतः चालायचं. पहिला टप्पा सरहद्दीपलीकडचं लांडेक गाव, नदीकाठाने तीन दिवस. अनुभवाशिवाय लिहिणं म्हणजे पोकळ.

११ जून, दुपारी २
सरहद्दीच्या अलीकडेच टाच सोलली. बूट सदोष. पोस्टाच्या प्रवासी बसने परत. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. म्हणाला, काय याखेन, रशिया कसा काय वाटला? तिकीट मागितलं.

२० जुलै
उर्श्लाने नैसाचं आईला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. ‘बाल्टसरची टाच बरी झाली का? लांडेकहून तो माघारी फिरला, तेव्हा मी दिवसभर रडत चालले. इथला मिठाईच्या दुकानाचा मालक आधी मुलगी नको म्हणाला, मग बाल्टसरसाठी शिवलेला एप्रन मलाच दिला. घोट्यापर्यंत येतो. आखूड करणार नाही. मी वाढेन.’
पुढची सव्वीस पत्रंही नैसाचीच. शेवटच्यात तिचं स्वतःचं दुकान.
गेल्याची नोंद पाद्र्याने केली, आठवड्यात परत आल्याची कुणीच केली नाही. निष्काळजी लोक!
मी म्हटलं, लांडेकला काही गुप्त कामगिरी असेल. उर्श्ला म्हणाली, अरे कसली कामगिरी? घरच्या गरम जवाच्या सूपची आठवण आली त्याला, तसं लिहिलंय पोरीने. मेंजा माझ्या टाचेकडे बघून हसली.

१२ ऑगस्ट
मेळावा. चव्वेचाळीस माणसं. भाषण उर्श्लाचं, नैसावर. एप्रनचं वाक्य आलं आणि मागे कुजबुजणारेही पुढे सरकले. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. हॉलमध्ये धूळ फार.
मग कुणीतरी विचारलं, आणि बाल्टसर? सगळे माझ्याकडे वळले. पाच महिन्यांचं संशोधन. उठून म्हणालो, “ते परत आले.” आणि बसलो. टाळ्या पडल्या, बहुधा जेवण वाढलं म्हणून.
घरी पोचल्यावर सुचलं: ते परत आले नसते तर आज या चव्वेचाळीसांतला एकही जन्मला नसता! तसाच परत हॉलवर गेलो. मेंजा एकटीच आवराआवर करत होती. तिलाच सांगितलं, सगळं, हातवारे करून.
म्हणाली, “खरं आहे रे. आता टेबल त्या टोकाला धर.”