खिडकीतली बरणी

अहो,

मी सकाळच्या एसटीने येवल्याला निघाले. आपल्या कुसुमचे दिवस भरलेत. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

पिठलं झाकून ठेवलंय. खिडकीतल्या बरणीत काडीवर वाळक्या फेसासारखं चिकटलंय, ती घाण नव्हे. खंडोबाच्या किड्याची अंडी आहेत. मागच्या वेळेसारखी खरवडू नका. बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर रोज थोडं पाणी शिंपडा. पिल्लं मुंगीएवढीच निघतात, पण एकत्र कोंडली तर एकमेकांना खातात. निघाली की फडकं सोडून बरणी गुलाबांत आडवी ठेवा. तिथली माव्याची कीड खातील.

"ही किड्यांची बाळंतपणं करते," असं ओझरच्या मित्रांना हसून सांगता. पण कुसुमला खांद्यावर घेऊन गुलाबांत हेच किडे कोण शोधायचं? किड्याने पुढचे पाय जोडले की तीही हात जोडायची.

तिने विणकराशी लग्न केलं तेव्हापासून तुम्ही तिचं नाव घेतलेलं नाही. पिल्लं निघाली की मला सांगायला येवल्याला या. तेवढ्यासाठीच आलो म्हणा. दारात कोणी जास्त विचारणार नाही, मी कुसुमला बजावून ठेवते.

यमुना